पेंग्विनला वाट काढून दिली, चिंपांझीला नाही: ‘डायनॅस्टीज’ पाहून झाल्यावर

बीबीसीची ‘डायनॅस्टीज’ ही मालिका 2018 च्या नोव्हेंबरात आली, तेव्हा सगळी चर्चा एकाच गोष्टीची झाली: चित्रीकरण करणाऱ्यांनी फावडी घेऊन बर्फात पेंग्विनसाठी वाट कापली, हे बरोबर की चूक? मी तेव्हा ती वाहिनीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती. यंदा पावसाळ्यात नातवासोबत सलग पाहिली. आता माझं मत असं आहे की ती वाट हा मालिकेतला सगळ्यात सरळ, प्रामाणिक प्रसंग आहे. खटकावं असं बाकी बरंच आहे, त्याबद्दल मात्र कुणी बोललं नाही.

आधी माल काय आहे ते सांगतो. पाच भाग, पाच प्राणी, प्रत्येक भागात एकच कुटुंब किंवा कळप. सेनेगलचे चिंपांझी, अंटार्क्टिकातले एम्परर पेंग्विन, केनियाच्या मसाई मारातले सिंह, झिंबाब्वेच्या माना पूल्समधली रानकुत्री आणि आपल्या शेजारच्या बांधवगडची वाघीण. एक भाग साधारण तासाभराचा, आणि त्यातली शेवटची काही मिनिटं चित्रीकरण कसं झालं याची. निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचं. त्यांच्या आवाजाबद्दल मी नवीन काय सांगणार!

मी चंद्रपूर जिल्ह्यात पशुधन विकास अधिकारी होतो. श्रेणी एकचा दवाखाना, गाई-म्हशी-शेळ्यांचे आजार, अडलेली वेत, लसीकरण, आणि जंगलाला लागून असलेल्या गावांमुळे वाघ-बिबट्याने मारलेल्या ढोरांचं शवविच्छेदन. त्यामुळे ‘निसर्ग किती निष्ठुर’ असं पडद्यावर कुणी म्हणायला लागलं की माझं लक्ष आधी जखमेकडे जातं. हे परीक्षण त्या नजरेने वाचावं. छायाचित्रणातलं मला फार कळत नाही.

पेंग्विनचा भाग सर्वांत आधी पाहा. तो क्रमाने दुसरा आहे, तरीही. जागा अटका बे, जवळच जर्मनीचं नॉयमायर 3 हे संशोधन केंद्र. तिघं जण तिथे अकरा महिने राहिले: कॅमेरा लिंडसे मॅक्रे यांचा, दिग्दर्शक विल लॉसन आणि सोबत श्टेफान क्रिस्टमान. हिवाळ्यात तिथून बाहेर पडायची सोय नाही. सुमारे दोन महिने सूर्यच उगवत नाही. मॅक्रे यांना तिकडे असतानाच घरी मुलगा झाला.

या भागात नराचा उपास ज्या सबुरीने दाखवला आहे, तो पाहून मी खुर्ची पुढे सरकवली. मादी अंडं घालते, नराच्या पायांवर देते आणि समुद्राकडे निघून जाते. नर ते अंडं पोटाच्या घडीखाली घेऊन दोनेक महिने उभा. वीण जमवायला आला तेव्हापासून मोजलं तर त्याचा उपास साडेतीन महिन्यांच्या पुढे जातो आणि वजन जवळपास निम्म्यावर येतं. आमच्याकडे एखादा बैल इतका उतरला तर मालकाला वाटेल, आता हा काही उठत नाही. आणि त्या अवस्थेत, मादी यायच्या आत पिल्लू बाहेर आलंच, तर तो नर आपल्या अन्ननलिकेच्या अस्तरातून दुधासारखा स्राव काढून त्याला भरवतो. उपाशी बापाच्या अंगातून दूध. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मालिकेने त्याचा गाजावाजा केला नाही, हे मला आवडलं.

मग वादळ. वादळात काही माद्या पिल्लांसह बर्फातल्या एका खोल घळीत घसरल्या. भिंती उभ्या आणि गुळगुळीत. कॅमेरा लांबून पाहतो. पायांवर पिल्लू घेऊन एक मादी चढायला लागते. पंख म्हणजे नुसती वल्ही, पाय मोकळे नाहीत, कारण पाय उचलला तर पिल्लू बर्फावर पडणार. मग ती चोच बर्फात रोवते, अंग वर ओढते, छातीने टेकते, पुन्हा चोच रोवते. घसरते. पुन्हा. ती एकटी कशीबशी बाहेर येते. बाकीच्या खालीच. दुसरी एक पिल्लू टाकून चढते. नातू म्हणाला, “आबा, ते लोक नुसते पाह्यत काऊन बसले?”

ते नुसते बसले नाहीत. वादळ थोडं ओसरल्यावर त्यांनी घळीच्या एका बाजूने चढता येईल असा उतार कापला आणि मागे झाले. पक्ष्यांना हात लावला नाही, हाकललं नाही. ज्यांना यायचं ते आपापल्या पायांनी वर आले. अशा चित्रपटांचा अलिखित नियम आहे की मध्ये पडायचं नाही, हरणाला वाघापासून वाचवलं तर वाघाचं पोर उपाशी राहतं. इथे कुणाच्या तोंडचा घास जात नव्हता, असं त्यांचं म्हणणं होतं.

आमच्याकडे कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडला की गावकरी दोर बांधून बाज खाली सोडतात. बिबट्या त्यावर बसतो, वर ओढला जातो आणि काठावर येताच उडी मारून पसार होतो. अंटार्क्टिकातला तो उतार मला त्या बाजेसारखाच वाटला. फरक आहे, तो मी मान्य करतो: विहीर माणसाने खणलेली असते, ती घळ निसर्गाची होती. नियमावर बोट ठेवणाऱ्याचं म्हणणं तिथे तर्काला धरून आहे. पण अकरा महिने ज्यांच्यासोबत काढले, त्यांना मरताना पाहायचं आणि हातात फावडं आहे हे विसरायचं, याला मी शिस्त म्हणणार नाही. शिवाय त्यांनी ते लपवलं नाही, पडद्यावर दाखवलं. 2016 मध्ये ‘प्लॅनेट अर्थ 2’ च्या वेळी बार्बाडोसला कासवांची पिल्लं शहराच्या दिव्यांना भुलून रस्त्यावर चालली होती, तेव्हाही बीबीसीच्या लोकांनी दिसली तेवढी उचलून समुद्रात सोडली आणि तसं सांगितलं होतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण जुनं आहे. डिस्नेच्या 1958 च्या एका ऑस्करविजेत्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक उडी घेतात असं दाखवलं होतं. कॅनडाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 1982 मध्ये उघड केलं की ते प्राणी बाहेरून आणून माणसांनीच ढकलले होते, आणि जागा अल्बर्टा, जिथे समुद्र औषधालाही नाही. लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत त्यानंतर कित्येकांच्या डोक्यात पक्की बसली. निसर्गाचं क्रौर्य माणसाने असं घडवून आणलं, आणि त्याचं बक्षीसही मिळालं.

आता चिंपांझीचा भाग. सेनेगलमधला फोंगोलीचा हा कळप सहाराच्या कडेला, गवताळ रानात राहतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. हे चिंपांझी गुहेच्या सावलीत बसतात, पाण्यात डुंबतात, वणवा पेटला तर न घाबरता बाजूला होतात. आमच्या वैशाखाशी ओळख असणाऱ्याला त्यांचं वागणं लगेच कळेल. डेव्हिड नावाचा म्होरक्या. खालच्या नरांचा त्याच्या जागेवर डोळा. एका रात्री ते त्याला गाठतात. सकाळी तो सापडतो तेव्हा अंगभर चावे, हातापायांना खोल जखमा, माशा घोंगावताहेत. कळप पुढे निघून गेलेला.

हा प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिला. अशा जखमा उष्ण हवेत दोन दिवसांत सडतात, आसडी म्हणजे अळ्या पडतात. माझा हात आपोआप टर्पेंटाईनच्या बाटलीकडे गेला असता. इथे मात्र कुणीही काही केलं नाही. पाणी नाही, औषध नाही. चित्रीकरण करणारे शेवटच्या मिनिटांत सांगतात की ते किती जड गेलं. डेव्हिड स्वतःहून उठतो, जखमा चाटतो, लंगडत कळप गाठतो.

एकाच मालिकेत पेंग्विनला वाट मिळते आणि चिंपांझीला थेंबभर आयोडीन नाही. मला हे विसंगत वाटलं नाही. पेंग्विनांचं संकट हवेने आणलं होतं. डेव्हिडचं त्याच्याच भाऊबंदांनी. त्याला वाचवलं तर त्याच्यावर चालून आलेल्या नराचा डाव माणसाने उधळला असं झालं असतं. वर्षानुवर्षं तिथे बसून नोंदी घेणाऱ्या संशोधकांच्या कामातही माती कालवली गेली असती. जंगलात उपचार करणाऱ्या माणसाला आधी एवढं विचारावं लागतं: मी कुणाच्या भांडणात पडतोय?

सिंहांच्या भागात तिसराच निर्णय. मार्श प्राइड हा मसाई मारातला नावाजलेला कळप, अनेक वर्षं बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर. 2015 च्या डिसेंबरात गुराख्यांनी मेलेल्या गाईत विष घातलं आणि ती खाऊन या कळपातले सिंह दगावले. मालिकेत विषबाधा झालेले सिंह दिसतात. झोकांड्या खातात, लाळ गळते, मागचे पाय वळत नाहीत. कीटकनाशकाच्या विषबाधेची ही लक्षणं मी बैलांत आणि कुत्र्यांत ढीगभर पाहिली आहेत, कापसाच्या हंगामात तर विचारू नका. इथे पशुवैद्यक बोलावले गेले. योग्यच केलं, कारण विष माणसाने घातलं होतं.

याच भागात रेड नावाच्या तरुण नराला वीसेक तरसं घेरतात. ती चित्रफीत तुम्ही मोबाइलवर पाहिली असेलच. तरस समोर येत नाही, मागून येऊन ढुंगणाला आणि अंडकोशांच्या बाजूला चावा घेतं. म्हणून रेड बूड जमिनीला टेकवून बसायला बघतो. ही युक्ती आमच्याकडे मोकाट कुत्र्यांनी घेरलेला बैलही करतो. मग तातू नावाचा जोडीदार धावत येतो आणि तरसं पांगतात. प्रसंग जबरदस्त. पण आवाज कमी करून पाहा.

आवाजाबद्दल माझी खरी तक्रार आहे. अशा चित्रीकरणात भिंग लांब पल्ल्याचं असतं आणि प्राणी दूर असतात. त्यामुळे पावलांचे, चावण्याचे, पंखांच्या फडफडीचे बरेच आवाज नंतर स्टुडिओत तयार केले जातात. बर्फावर चालल्याचा करकर आवाज कॉर्नफ्लोर किंवा कस्टर्ड पावडर दाबून काढायची जुनी पद्धत आहे. त्याला माझी हरकत नाही, नाटकात विंगेतून पत्रा हलवून गडगडाट करतातच की. हरकत संगीताला आहे. मादी पिल्लू टाकून चढली की व्हायोलिन, तरसं आली की ढोल, डेव्हिड उठला की अख्खा वाद्यवृंद. कुणासाठी रडायचं आणि कुणाला शिव्या द्यायच्या हे मला वाद्यांनी सांगायची गरज नाही. तरसांनाही घरी पिल्लं असतात.

रानकुत्र्यांच्या भागाबद्दल थोडक्यात. आफ्रिकेत हा प्राणी आता साडेसहा हजारांच्या आसपास उरला आहे. टेट ही म्हातारी मादी आणि तिची लेक ब्लॅकटिप यांच्यात हद्दीवरून वैर. आई मागे सरकत सरकत सिंहांच्या इलाख्यात ढकलली जाते. भाग चांगला आहे, पण शिकार झाली की कॅमेरा शालीनतेने मान वळवतो. ताडोबातले कोळसून, म्हणजे आपल्याकडची रानकुत्री, ज्यांनी पाहिलेत त्यांना ठाऊक आहे की हे कुत्रे जनावर मरायची वाट पाहत नाहीत, उभ्याउभ्या पोट फाडतात. बघायला भयंकर वाटतं. पण रक्त झपाट्याने जातं, जनावर झटक्यात ढासळतं, आणि गळा धरून गुदमरवणाऱ्या बिबट्यापेक्षा वेळ फार लागतो असंही नाही. ‘निसर्ग कठोर आहे’ असं सतत सांगणाऱ्या मालिकेने नेमकं तेवढंच झाकावं याची गंमत वाटली.

आता बांधवगड. इथे मी तिखट होणार आहे.

राज बेहरा ही वाघीण, चार बछडे, शेजारच्या हद्दीत तिचीच मोठी झालेली लेक सोलो, आणि जंगलाच्या कडेला गावं. बछड्यांचे प्रसंग सुरेख आहेत. आपल्याकडे सकाळी फाटक उघडल्यावरच गाडी आत जाते, संध्याकाळी बाहेर पडावं लागतं, रस्ता सोडता येत नाही. इतक्या बंधनांत एवढं मिळवणं सोपं नाही, हे मला कळतं. परक्या नराने बछडे मारण्याचा धोका, त्यामागचं कारण, म्हणजे पिल्लं गेली की मादी लवकर माजावर येते, हेही नीट कळतं.

पण वाघीण जंगलाबाहेर जाऊन गुरं मारायला लागते तेव्हा गोष्ट तिच्याच बाजूने चालत राहते. ज्याची गाय गेली त्याच्या अंगणात कॅमेरा बसत नाही. मी बसलो आहे. पंचनाम्याला वनरक्षक, मी आणि दोन पंच. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा शोधायच्या, तिथली कातडी सोलायची आणि खाली रक्त साकळलंय का ते पाहायचं. साकळलं असेल तर चावा जिवंतपणी बसला, म्हणजे शिकार. नसेल तर जनावर आधीच मेलं होतं आणि नंतर कुणीतरी खाल्लं. मागच्या फऱ्यापासून खायला सुरुवात केली असेल तर बहुधा वाघ, पोट आधी उघडलं असेल तर बिबट्याचा संशय. हे सगळं करत असताना बाजूला बाई उभी असते, तिचं दुभतं जनावर असतं ते, आणि ती एकच विचारते: “डॉक्टरसायेब, रक्त सापडलं का?” कारण त्या काळ्या डागावर भरपाई अवलंबून. एकदा एक म्हातारा गुराखी मला म्हणाला, “वाघ काही बेइमान नाही जी. त्याले भूक लागली, त्यानं खाल्लं. पण माया गोऱ्हा तर गेला ना.”

हे वाक्य बोलणारा माणूस मालिकेत हवा होता. 2022 च्या गणनेत मध्य प्रदेशात 785 आणि महाराष्ट्रात 444 वाघ मोजले गेले. हे वाघ त्या गुराख्यांच्या शेजारी वाढले आहेत, रिकाम्या रानात नाही. मसाई मारात विष घालणारा गुराखीही असाच कुणीतरी असणार. तो फक्त खलनायक म्हणून पडद्यामागे राहिला. विष घालणाऱ्याची बाजू मी घेत नाहीये. त्या विषाने पाठोपाठ गिधाडंही मरतात, आणि गिधाडं गेली की काय होतं ते गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं मेली त्या काळात आपण भोगलं आहे. पण डेव्हिडच्या शत्रूलासुद्धा नाव आणि कारण देणारी मालिका माणसाच्या वाट्याला आली की एकदम घाईत असते.

पेंग्विनांच्या बाबतीतही तेच. 2022 साली अंटार्क्टिकाजवळच्या बेलिंग्सहाऊझन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींखालचं समुद्री बर्फ पिल्लांना पिसं यायच्या आत फुटलं, आणि त्या वसाहतींतलं एकही पिल्लू वाचलं नसावं, असा उपग्रहचित्रांवरून निष्कर्ष निघाला. मालिका त्याच्या आधीची, त्यामुळे दोष देत नाही. पण आज हा भाग पाहणाऱ्याने एवढं माहीत ठेवून पाहावा.

पाहायची सोय. टीव्हीचा पडदा मोठा असेल तर उत्तम, मोबाइलवर बर्फ आणि पेंग्विन एकच होऊन जातात. मी ज्या ॲपवर पाहिली तिथे नेमक्या घळीच्या प्रसंगात कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात आली. पैसे भरून जाहिराती टाळता येत असतील तर टाळा. इंग्रजी निवेदन सावकाश आहे, शाळकरी पोरांना सबटायटल्स लावून समजतं. माझ्या नातवाला चिंपांझीची रात्र झेपली नाही, तो उठून गेला. सात-आठ वर्षांच्या मुलांना तो भाग आणि रानकुत्र्यांचा शेवट दाखवू नका, सिंहांचा दाखवायचा तर सोबत बसा. प्रत्येक भागाची शेवटची मिनिटं मात्र उडवू नका, मला तर कधीकधी मुख्य भागापेक्षा तीच जास्त आवडली.

2022 मध्ये दुसरा संच आला, त्यात प्यूमा, हत्ती, चित्ते वगैरे. मला तो पहिल्याइतका धरून ठेवू शकला नाही, अर्धा पाहून सोडला.

पाच पैकी गुण द्यायचे तर पेंग्विन पाच, चिंपांझी साडेचार, सिंह चार, रानकुत्री साडेतीन, वाघ अडीच. वाघाचा भाग पाहताना बांधवगडला किंवा ताडोबाला जाऊन आलेला कुणी घरात असेल तर त्याला जवळ बसवा आणि गाडी चालवणाऱ्या जिप्सीवाल्याचं गाव कुठलं होतं, तेवढं विचारा.